टिटवीच्या अंड्यांभोवतीचे दगड

माझं माहेर बेल्ह्याच्या पलीकडचं, कोरडवाहू. सासर पिंपळवंडीचं, पाण्याखालचं. दोन्हीकडं टिटवी मात्र सारखीच. उन्हाळा सरत आला, रान मोकळं पडलं की ती उघड्या ढेकळांत अंडी घालते. घरटं नाही, काडी नाही. चार अंडी, चारी टोकं आत वळवलेली, आणि रंग असा की पाय पडेपर्यंत खडेच वाटावेत. माझे वडील पेरणीआधी कुळवाची पाळी घालायला निघाले की औत जुंपायच्या आधी रानातून एक चक्कर मारायचे. अंडी दिसली की भोवती पाच दगड मांडायचे. मग औत तिथवर आलं की तेवढ्यापुरतं उचलून पलीकडं टेकवायचे. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस जास्त, ओघळीत असली तर कमी, असं ते सांगायचे. पाऊस कधी त्याप्रमाणं पडायचा, कधी नाही. दगड मांडायचं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही.

हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्या दगडांवरून झालं.

आम्ही दोघंच भावंडं. मी थोरली, भाऊ धाकटा. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली ती बाजरीच्या राखणीसाठी. कणसं भरली की मचाणासारख्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि ओरडायचं. घरी पाहुणे आले की मी गोठ्यात जाऊन बसणारी, पण माळ्यावर मला ओरडायची लाज वाटत नसे. तिथं ऐकायला पाखरंच. भाऊ शाळा सुटली की माझ्या मदतीला यायचा. त्याचा नेम माझ्यापेक्षा फार चांगला, तरी त्यानं पाखरू कधी मारलं नाही. थवा यायचा त्याच्या जरा पुढं तो दगड टाकायचा. थवा हवेतच वळायचा आणि शेजाऱ्याच्या रानात उतरायचा. शेजारी शिव्या द्यायचे. वडील म्हणायचे, "पाखराला मारायचं न्हाई, वळवायचं. पोट त्यालाबी हाय."

माझं लग्न झालं, पुढं वडील गेले. भाऊ दहावीला दोनदा बसून घरी राहिला. गावात एक सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आले होते. त्यांच्या ओळखीचा एक ठेकेदार लांबच्या एका लष्करी विमानतळावर गवत कापायला आणि पाखरं हाकायला माणसं पुरवायचा. आगगाडीनं एक रात्र आणि वर थोडा दिवस, इतकं ते लांब. सुभेदारांनी भावाला तिकडं पाठवलं. काम असं की धावपट्टीच्या कडेनं फिरायचं, पाखरं बसलेली दिसली की फटाके वाजवायचे, पत्र्याचा डबा बडवायचा, विमान उडायच्या वेळी आभाळ मोकळं ठेवायचं.

पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा पारावरची माणसं त्याची वाटच बघत होती.

"सरकारला पाखरं हाकायला मानूस लागतो व्हय? राव, मंग आमच्या द्राक्षाच्या बागंत काय वाईट व्हतं?"

"तिथं गनवेश हाय," भाऊ म्हणाला.

"आन् गोफन सरकारी का घरची?"

त्याचं लग्न ठरलं तेही याच बोलण्यावर. मध्यस्थानं मुलीकडं सांगून ठेवलं होतं की मुलगा विमानदलात आहे. मुलीच्या मामांनी भर बैठकीत विचारलं, "इमान चालिवता का पावणं?" मध्यस्थ खोकायला लागला. भाऊ म्हणाला, "न्हाई. इमानाच्या म्होरची पाखरं हाकतो." सगळे हसले. मी आत मुलीजवळ बसले होते. तीही पदर तोंडाला लावून हसत होती. सोयरीक तिथंच झाली असं मी धरते.

त्या वर्षांत आमच्या रानावरूनही लढाऊ विमानं जायची. पुण्याच्या बाजूनं यायची आणि डोंगराच्या अंगानं निघून जायची. आधी विमान जायचं आणि मग आवाज यायचा, म्हणून वर बघेपर्यंत आभाळ रिकामं. धार काढताना आवाज आला तर म्हैस लाथ मारायची आणि चरवी सांडायची. सासूबाई विमानाला शिव्या द्यायच्या. बातम्यांत मधूनच यायचं की अमुक ठिकाणी विमान पडलं, वैमानिक गेला, किंवा वाचला. मग ओट्यावर त्याचीच चर्चा. कुणी म्हणायचं, विमानं जुनी झालीत, नुसतं लोखंड उडवतात. कुणी म्हणायचं, तरणी पोरं, अंगात रग, करत असतील हवेत मस्ती.

भाऊ सुट्टीत माझ्याकडं आला की आमचे हे त्याला मुद्दाम विचारायचे. मी आत भाकरी थापत ऐकायची.

"पावणं, सारखी का वो पडत्यात ही?"

"दाजी, तुमची फटफटी का पडती?"

"माझी पडती ती रस्त्यामुळं."

"आन् न्हेमी रस्त्यामुळंच पडती का?"

"एकदा टायर फुटला व्हता. एकदा म्हशीनं आडवं यावं का?"

"तसंच ते," भाऊ म्हणाला. "कवा यंत्र बिघडतं. कवा धुकं असतं, डोंगर दिसत न्हाई. कवा जोरात वळन घेतलं की चालवनाऱ्याचं रगात डोक्यातनं पायाकडं जातं, डोळ्याम्होरं अंधारी. ध्यानावर येईस्तवर जमीन आलेली असती. आन् कवा पाखरू."

"एवढ्याशा पाखरानं?"

"कडबाकुट्टीत खडा गेला तर काय व्हतं?"

वैरण कापायच्या आमच्या कडबाकुट्टीचं पातं आदल्याच वर्षी असं मोडलं होतं. सुपारीएवढा खडा होता आणि तुकडा उडून पत्र्यात घुसला होता.

"इंजिन म्हंजे तोंड हाय दाजी. म्होरची हवा वढून घेतं. हवंबरोबर पाखरू गेलं की आतल्या पात्या मोडत्यात. एक मोडली की ती दुसरीला मोडती. आन् ह्या इमानाला इंजिन एकच. ते बंद पडलं की ते इमान ऱ्हात न्हाई, दगूड व्हतो."

तो आणखी एक गोष्ट सांगायचा, ती मला फार आवडायची. सकाळी विमानं उडायच्या आधी तिथली माणसं धावपट्टीवर ओळीनं उभी राहतात आणि खाली बघत चालत जातात. खडा दिसला, खिळा दिसला, चुकीनं पडलेला स्क्रू दिसला की उचलून खिशात घालायचा. मोठे साहेबसुद्धा वाकतात. मला ते कांद्याच्या खुरपणीसारखं वाटायचं. सगळ्यांच्या माना खाली, कुणी कुणाशी बोलत नाही.

तिथं इतकी वर्षं काढल्यावर तो दगडाच्या बाबतीत चुकेल, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

दोन हजार साल मागं पडून तीन-चार वर्षं झाली होती. मृग लागायला थोडे दिवस होते. संध्याकाळच्या बातम्यांत एक विमान पडल्याचं सांगितलं. जागेचं नाव ऐकून ह्यांनी आवाज मोठा केला. उडता उडताच इंजिनाला आग लागली, वैमानिक हवाई छत्रीनं उतरला, दवाखान्यात आहे, खाली कुणाला इजा नाही. एवढं सांगून बातमी पुढं गेली.

"आपल्या पावण्याकडचंच हाय की," हे म्हणाले.

दोन दिवसांनी भाऊ आमच्या दारात उभा. आईकडं न जाता, बायको-लेकीलाही न भेटता, सरळ माझ्याकडं. हातात एक पिशवी. हे म्हणाले, "काय पावणं, सुट्टी?" तो म्हणाला, "ठेकेदारानं घरी जावा म्हनून सांगितलंय. चौकशी लागलीय. बोलावतील तवा जायचं."

जेवला नाही. चहा घेतला आणि आमच्या कांद्याच्या चाळीत जाऊन बसला. चाळीत ते दिवस निवडणीचे असतात. भरलेल्या कांद्यात एखादा सडला की शेजारचे पाच बिघडवतो. सडका कांदा हाताला लागायच्या आधी नाकाला कळतो. मी जाऊन त्याच्या समोर बसले आणि निवडू लागले. तोही निवडू लागला. आम्ही लहानपणापासून असेच, हात चालू असले की बोलणं सोपं जातं. माझं तरी जातं.

"आक्का, तुला सांगतो. तू कुनाला बोलायची न्हाईस म्हून."

मी मान हलवली.

त्यानं सांगितलं ते असं. तिकडं वळवाचे पाऊस लवकर झाले होते आणि धावपट्टीच्या दोन्ही अंगांचं गवत वाढलं होतं. गवतात किडे, आणि किड्यांमागं पाखरं. गवत कापायचं एक यंत्र बिघडून उभं होतं, सुटा भाग यायचा होता. दुसरं चालू होतं, पण ते पुरं पडत नव्हतं. धावपट्टीच्या टोकाजवळ, गवत विरळ होतं तिथं, त्याला टिटवीची अंडी दिसली.

"किती?"

"चार."

"मग?"

"नेम असा हाय, की अंडी दिसली की कळवायचं. मग ती काढून टाकत्यात. दरसालला आमी कळवतोबी. कवा कळवलं, कवा डोळंझाक केली. पन ह्या बारीला..." एक चांगला कांदा त्यानं सडक्यांच्या पाटीत टाकला. मी तो परत उचलून ठेवला. "ह्या बारीला टिटवी हाललीच न्हाई. म्या जवळ गेलो, डबा वाजिवला. पंख पसरून तशीच बसली. मला आपलं रान दिसलं बघ. बा दिसला."

"कळवलं नाहीस."

"कळवलं न्हाई. वर गवत कापायचा ट्रॅक्टर तिकडंच यायचा व्हता. त्याला दिसावं म्हून म्या दगड मांडलं."

माझा हात थांबला.

"पाच," तो म्हणाला. "कुंपनाकडनं आनलं. ट्रॅक्टरवाला आपल्यासारखाच, शेतकऱ्याचा. त्यानं बघितलं, हसला आन् वळवून घेतला."

जिथं साहेब लोक वाकून खडे वेचतात, तिथं त्यानं आपल्या हातानं दगड नेऊन ठेवले होते. हे मला लगेच कळलं, आणि मला कळलं हे त्यालाही कळलं. बराच वेळ आम्ही कांदे निवडत राहिलो.

चार-पाच दिवसांनी विमान उडालं. भाऊ तेव्हा दुसऱ्या टोकाला होता. चाकं जमीन सोडतात न सोडतात तोच आवाज फुटल्यासारखा झाला, मागून जाळ आला. विमान थोडं वर गेलं. मग त्यातून काहीतरी उडालं आणि छत्री उघडली. विमान भिंतीपलीकडच्या माळावर जाऊन पडलं. आगीचे बंब गवतातून धावले. भाऊ उभा होता तिथंच उभा राहिला.

"लोक म्हनत्यात पाखरू गेलं इंजिनात. पाखरू गेलं तर ती टिटवी आसंल. आन् पाखरू नसंल तर दगूड. कसंबी म्याच पाडलं की."

मी विचारलं, "मग तू जाऊन बघितलंस का?"

"काय?"

"दगड."

"न्हाई."

"का?"

तो खाली बघत म्हणाला, "एखादा कमी असला तर?"

त्याला तिथं जायचं नव्हतं म्हणून तो इतक्या लांब माझ्या चाळीत येऊन बसला होता.

त्यानंतरचे दिवस तो आमच्याकडंच राहिला. पडेल ते काम करायचा. टोमॅटोला सुतळी बांधायचा, मोटर चालू करून यायचा, म्हशीचं शेण काढायचा. आवाज आला की दचकायचा. कुणाचा ट्रॅक्टर गेला तरी मान वर. बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी आई टेम्पोत बसून आली. तिला कुणाकडून तरी कळलं होतं की लेक आलाय आणि बहिणीकडं उतरलाय. ती आधी रागावलेली होती.

"आईचं घर वाटंत लागत न्हाई व्हय रं तुला?"

"आलोच असतो."

"इमान पडलं म्हनं तुमचं. पाखरं हाकाय तुला ठिवला आन् इमानच हाकललंस का काय?"

ती चेष्टेनंच म्हणाली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो हसला असता. तो उठून बाहेर गेला. आई माझ्याकडं बघू लागली. मी चुलीत लाकूड सारलं. आई माझ्याकडून काही काढून घेऊ शकत नाही हे तिला माहीत आहे. जरा वेळानं तीच दारात जाऊन उभी राहिली आणि अंगणात बसलेल्या भावाला म्हणाली,

"ते पोरगं हाय का बरं आता? छत्रीतनं उतरलेलं?"

"हाय. पाठीचं हाड मोडलंय."

"त्याच्या आईला कळवलं आसंल का रं कुनी? का बातम्यांतच बघितलं तिनं?"

भावाला ते माहीत नव्हतं. "कळवलं आसंल," तो म्हणाला. आईनं पुन्हा विमानाचं नाव काढलं नाही. जाताना मला म्हणाली, "त्याला दहीभात दे. तोंड सुकलंय." पण भावाला तिचा तो प्रश्न लागला होता. संध्याकाळपर्यंत तो त्याच जागी बसून होता, आणि पहिल्यांदाच मी त्याला त्या वैमानिकाबद्दल बोलताना ऐकलं. लग्न झालेलं नव्हतं म्हणे त्याचं. सकाळी खडे वेचायच्या ओळीत तो कधी कधी भावाच्या शेजारी असायचा. खडा सापडला की लहान मुलासारखा दाखवायचा.

पुढच्या आठवड्यात किराणा दुकानातल्या फोनवर ठेकेदाराचा निरोप आला. चौकशीला या. विचारलं तर सांगायचं, पाखरं भिंतीबाहेरून येतात, आम्ही काही बघितलं नाही. जास्त बोलायचं नाही.

ह्यांना भावानं तोवर दगडांचं सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे, हे विचारत राहिले आणि त्याला राहवलं नाही. हे वाईट माणूस नाहीत. त्यांना भावाच्या संसाराची काळजी होती.

"ठेकेदार म्हनतो ते बरोबर हाय, पावणं. गप ऱ्हावा. तुमी दगूड ठिवला हे कुनाला ठावं?"

"ट्रॅक्टरवाल्याला."

"तो कशाला बोलतोय? त्येचंबी पोट हाय. गेल्यालं इमान काय माघारी येतंय का?"

"न्हाई येत."

"मंग? बायको-पोरगीचा इचार करा. नोकरी गेली तर काय करनार? हिकडं कुनाची पाखरं हाकनार?"

भाऊ मान हलवत होता. मला वाटलं, ठरलं. तो गप्प राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. मी कधी कुणाला एसटीपर्यंत पोचवायला जात नाही. हमरस्त्यावर माणसं असतात, ओळखीचे विचारतात, मला उत्तर सुचत नाही. त्या दिवशी मी भाकरीचं गाठोडं घेऊन त्याच्याबरोबर चालत गेले. थांब्यावर पोरं होती, अवसरीला कॉलेजला जाणारी. आम्ही जरा बाजूला बाभळीखाली उभे राहिलो.

तो म्हणाला, "आक्का, तू असतीस तर काय केलं असतंस?"

"मी बोलले नसते," मी म्हणाले. खरं तेच होतं. "माझ्याच्यानं झालं नसतं."

"मंग झालं तर."

"पण तू मला सांगितलंस त्याला किती दिवस झाले. हलकं झालं का?"

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्याजवळ ठेवलेलं माझ्याजवळच राहतं रे. तुझं कमी होत नाही. तू आधी जाऊन दगड बघ. एखादा कमी असला तरी सांग. पुरे असले तरी सांग."

इतकं लांबलचक मी रस्त्यावर उभं राहून कधी बोलले नव्हते. एसटी आली. त्यानं गाठोडं घेतलं आणि चढला. खिडकीत जागा मिळाली तरी त्यानं बाहेर बघितलं नाही.

पुढचे दिवस मला कसे गेले ते सांगता येणार नाही. किराणा दुकानातला पोऱ्या रस्त्यानं दिसला की वाटायचं, फोन आला असेल. एकदा हे म्हणाले, "त्याला तू काय सांगितलंस का?" मी म्हणाले, "दहीभात खा म्हणून सांगितलं." ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग हसले. त्यांना कळलं होतं, असं मला आता वाटतं.

भाऊ परत आला तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. पिशवी नव्हती, पत्र्याची पेटी होती. म्हणजे कायमचा आला. हे घरी नव्हते. त्यानं पेटी ओट्यावर ठेवली, हात-पाय धुतले आणि जेवायला बसला. दोन भाकऱ्या खाल्ल्या. जेवून झाल्यावर त्यानं ताटात हात धुतला आणि म्हणाला,

"पाच व्हतं."

तो चौकशीच्या आधी गवतात गेलाच नव्हता. त्याच्यानं झालं नाही. साहेबांच्या समोर उभं राहिल्यावर त्यांनी नाव-गाव विचारलं आणि तेवढ्यावरच त्यानं सगळं सांगून टाकलं. अंडी, टिटवी, डबा, दगड. ट्रॅक्टरवाल्याचं तेवढं सांगितलं नाही. साहेबांनी अंड्यांचं ऐकून घेतलं, पण दगड म्हटल्यावर सगळे ताठ झाले. लगेच उठले. त्याला पुढं घालून गवतातून चालत गेले.

"एक दिसला. मग दोन, तीन. पाचवा दिसना. गवत वाढलं व्हतं ना. एका साहेबानं बुटानं गवत सारलं तर त्येच्या बुटाखालीच."

"आणि अंडी?"

"नव्हती. जागा व्हती. बंबाची चाकं शेजारनं गेली व्हती. फुटली म्हनावं तर टरफल न्हाई. पिल्लं निघाली म्हनावं तर दिस भरलं नव्हतं. मुंगसानं नेली आसतील. काय कळत न्हाई."

इंजिनात पिसं सापडली होती. ती तपासायला पाठवली होती आणि ती टिटवीचीच निघाली. पण त्या गवतात टिटव्या पुष्कळ. ही तीच का दुसरी, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. भावानं एका वयस्कर साहेबांना धीर करून विचारलं, "साहब, मेरे वजह से गिरा क्या?" ते म्हणाले की पाऊस लवकर आला, यंत्र बंद होतं, गवत कापलं गेलं नाही, पाखरं वाढली, त्यातलं एक नेमकं त्या वेळी उडालं, आणि इंजिन एकच होतं. यातलं एक जरी नसतं तर विमान पडलं नसतं. तुझं घरटं यात आहे की नाही ते मला माहीत नाही. असेलही.

"असेलही म्हणाले?"

"हा. खोटं बोलले न्हाईत."

पण धावपट्टीजवळ दगड नेऊन ठेवणारा माणूस तिथं ठेवता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. भावाला ते पटलं होतं. "म्याबी ठिवला नसता," तो म्हणाला. ठेकेदार मात्र फाटकापर्यंत मागं मागं येऊन बोलत राहिला, "तुला कुनी इचारलं व्हतं का? कुनी इचारलं व्हतं का तुला?"

मग त्यानं एक गोष्ट सांगितली. ती त्यानं दुसऱ्या कुणाला सांगितली आहे की नाही, मला माहीत नाही. निघायच्या दिवशी तो कचेरीबाहेर बाकावर बसला होता. तो वैमानिक तिथं आला. कमरेपासून गळ्यापर्यंत पट्टा आवळलेला, पाऊल मोजून टाकत होता. भाऊ उठून उभा राहिला आणि त्याला आपण होऊन सांगितलं, की टिटवीची अंडी मी बघितली होती आणि राहू दिली. त्या मुलानं ऐकलं. म्हणाला, "मुझे तो दिखी भी नहीं. बस, एक धप्प." त्याच्या हातातली टोपी खाली पडली. त्यानं खाली बघितलं, पण त्याला वाकता येत नव्हतं. भावानं ती उचलून, झटकून दिली. तो "थँक यू भैया" म्हणाला आणि तसाच हळूहळू आत गेला.

"इमान परत चालिवता येनार न्हाई म्हनत्यात त्याला," भाऊ म्हणाला. "निदान तसलं तरी न्हाई."

एवढं सांगून तो पाणी प्यायला आणि आईकडं गेला.

गावानं त्याला बरेच दिवस सोडलं नाही. "राखणदारानं इमान पाडलं" असं पारावर म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा. कुणी फार लावून धरलं तर म्हणायचा, "एकट्यानं न्हाई पाडलं." त्याच्या बायकोनं मात्र एकदा भर आडावर एकीला सुनावलं, "तुमच्या ह्यांनी काय उडिवलंय का कवा, आमच्यांनी पाडलंय म्हनताय ते?" त्यानंतर बायकांचं बोलणं बंद झालं. पुढं तो ट्रॅक्टर चालवायला शिकला. लोकांची रानं नांगरून देऊ लागला. द्राक्षवाल्यांनी राखणीला बोलावलं तेव्हा तो गेला नाही. फटाके वाजवायचे म्हटल्यावर नको म्हणाला.

तीन-चार वर्षांनी आमचं वरचं रान पाळी घालायला तो आला. मी न्याहारी घेऊन गेले. बांधावर आमचे हे उभे होते. ट्रॅक्टर येत येत एकदम थांबला. टिटवी वर उडून ओरडत त्याच्या डोक्यावरून फिरत होती. तो उतरला, वाकून बघितलं, परत चढला, फण वर उचलला आणि वळसा घालून पुढं गेला.

"पावणं," ह्यांनी हाक मारली, "तेवढं रान पडीक ठिवता का?"

"इथं कुठं इमान उतरतंय, दाजी," तो म्हणाला.

हे हसले. "मग दगूड तरी मांडा. दुपारच्याला दिसायचं न्हाई."

त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं आणि ट्रॅक्टरचा आवाज वाढवला. त्या दिवशी त्यानं त्या बाजूचं रान अर्धं सोडून दुसरीकडं पाळी घातली. मी न्याहारीची भांडी गोळा केली. दोघंही पलीकडच्या बांधावर गेल्यावर ओघळीतून दगड आणले. टिटवी माझ्या पदराजवळून झेपा घेत होती. चार अंडी होती. मी भोवती दगड मांडले, वडील मांडायचे तसे.

दुसऱ्या दिवशी उरलेलं रान घालायला तो आला. मी शेजारच्या तुकड्यात खुरपत होते आणि वर न बघता बघत होते. दगडांजवळ येऊन त्यानं ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरला. बोट करून एकेक दगड मोजला. मग पुन्हा चढला आणि फण उचलून पलीकडं नेला.